खुर्ची उडते, पण पाठीचं काय?

पेटलेल्या विमानातून पायलट खुर्चीसकट उडतो, हा सीन तुम्ही रीलमध्ये पाहिलाच असेल. मला तो पाहिला की आधी आठवते ती त्याची पाठ.

पूर्वी पायलट हूड सरकवून सरळ उडी मारायचा. विमानांचा वेग वाढला तसं ते जमेना. वारा माणसाला आत दाबून धरायचा, सुटलाच तर शेपटीवर आदळायची भीती. मग खुर्चीखाली दारू भरून माणसालाच उडवायचं, ही कल्पना आली.

इंग्लंडमध्ये हे काम जेम्स मार्टिननं हातात घेतलं. त्याचा भागीदार व्हॅलेंटाइन बेकर १९४२ मध्ये त्यांच्याच नव्या विमानाची चाचणी घेताना गेला होता. २४ जानेवारी १९४५ ला कारखान्यातला फिटर बर्नार्ड लिंच चाचणीच्या खुर्चीत बसला. काडतूस फुटलं, खुर्ची रुळांवरून ४ फूट ८ इंच वर गेली. दारू वाढवत दहा फुटांवर पोचले, तेव्हा लिंचला चांगलाच त्रास झाला. मग एक पत्रकार हौसेनं बसला, आणि त्याचे मणके चेपले.

तुम्ही म्हणाल, मऊ गादी टाकायची ना! उलट ती जास्त घातक. खुर्ची आधी गादी दाबते, वेग पकडते आणि मग खालून तुमच्यावर आदळते.

मार्टिन मणक्यांची रचना शिकायला लागला. त्याला कळलं की धक्का किती मोठा, एवढंच महत्त्वाचं नाही; तो किती झटकन बसतो हेही बघावं लागतं. एसटीच्या मागच्या सीटवर बसलाय ना कधी? गाडी खड्ड्यात हळू उतरवली तर काही नाही, जोरात घातली की कंबर गेली. म्हणून त्यानं स्फोट टप्प्याटप्प्यानं केला. हँडल डोक्यावर दिलं. ते ओढलं की चेहऱ्यावर पडदा यायचा आणि पाठ आपोआप ताठ राहायची. वाकलेली पाठ लवकर मोडते, म्हणून ही युक्ती.

२४ जुलै १९४६ ला लिंच ताशी ३२० मैल वेगातल्या मिटिओरमधून आठ हजार फुटांवर बाहेर पडला. सुखरूप उतरला. गडी पुढेही अशा उड्या मारत राहिला!

पण पाठीचा धोका संपला नाही. २७ मे १९९९, कारगिल. फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता मिग-२७ मधून बाहेर पडले, पाकिस्तानच्या कैदेत गेले, परतही आले. पाठीच्या दुखापतीमुळे लढाऊ विमान मात्र सुटलं. पुढे ते वाहतुकीची विमानं उडवत राहिले.