एकट्याची दिवाबत्ती

घरातला मुलगा किंवा मुलगी नोकरीसाठी पहिल्यांदा मुंबईला, पुण्याला निघाली की जाणतं माणूस एक प्रश्न हमखास विचारतं. "भाडं कळलं, वरखर्च किती येईल?" वरखर्च म्हणजे लाइटबिल, गॅस, पाणी, सोसायटीचं काय ते. उत्तर बहुधा भागाकाराने दिलं जातं. इथे आपल्या चौघांना दोन हजार पडतात, मग तिथे एकट्याला पाचशे. हिशेब सरळ वाटतो खरा. पण पहिल्या दोन महिन्यांतच तो कोलमडतो. एकटा माणूस म्हणजे कुटुंबाचा चौथा हिस्सा नव्हे. मुंबईत शंभर वर्षांपूर्वी कामगारांचे जमाखर्च मांडणाऱ्यांनीसुद्धा एकट्याची वही वेगळी ठेवली होती.

मुंबई इलाख्याच्या सरकारने १९२१ साली लेबर ऑफिस सुरू केलं. पहिलं महायुद्ध संपलं होतं, महागाई भडकली होती, गिरण्यांत संपावर संप होत होते. कामगाराला जगायला लागतं तरी किती, हे कुणालाच नेमकं सांगता येत नव्हतं. म्हणून या ऑफिसने १९२१-२२ मध्ये घरोघर जाऊन खर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास या अधिकाऱ्याने लिहिलेला तिचा अहवाल १९२३ साली छापला गेला. पाहणीत २,४७३ कुटुंबं होती आणि त्यांच्यापासून वेगळे काढलेले ६०३ एकटे पुरुष. या सहाशे तीन जणांना निराळं काढण्याची बुद्धी ज्याला झाली त्याला मुंबई कळली होती, असं मला वाटतं. १९२१ च्या खानेसुमारीत या शहरात हजार पुरुषांमागे बायका होत्या जेमतेम सव्वापाचशे. बाकीच्यांचे संसार रत्नागिरीत, साताऱ्यात, घाटावर, नाहीतर थेट उत्तरेत.

कुटुंबांचे आकडे पाहण्यासारखे आहेत. सरासरी मासिक उत्पन्न ५२ रुपये ४ आणे ६ पै. खर्चाच्या शंभर रुपयांतले जवळजवळ ५७ पोटात जात. (तरीही कैद्याला तुरुंगाच्या नियमावलीप्रमाणे जेवढं धान्य मिळतं त्याहून कामगार कमी खातो, हे याच अहवालाने नोंदवलं आणि त्यावर बरीच चर्चा झाली.) कपड्यांवर साडेनऊच्या आसपास. घरभाड्यावर ७.७ आणि सरपण-दिवाबत्तीवर ७.४. शेवटचे दोन आकडे पुन्हा वाचा. पन्नास रुपये खर्चणाऱ्या घरात खोलीचं भाडं पावणेचार रुपयांच्या जवळपास आणि सरपण-रॉकेलही तेवढंच! डोक्यावरचं छप्पर आणि चुलीतला जाळ एकाच किमतीचे. पुढे १९३२-३३ मध्ये पुन्हा पाहणी झाली तेव्हा सरपण-दिवाबत्ती सातावरच होती, भाडं मात्र जवळजवळ तेरावर गेलं होतं.

आता एकट्याकडे येऊ. त्याचं सरपण कुठे जळत होतं? त्याच्या खोलीत नव्हे, खानावळवालीच्या चुलीवर. गिरणगावात परळ, लालबाग, डिलाइल रोडच्या चाळींत एखादी बाई आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत दहा-पंधरा जणांचं रांधायची. कामगार महिन्याच्या पगाराला तिचा हिशेब चुकता करायचा. त्या एका रकमेत धान्य, सरपण, पाणी, भांडी घासायची राख आणि तिचे कष्ट असं सगळं आलं. म्हणून एकट्याच्या जमाखर्चात 'जळण' हे कलम बारीक दिसतं. ते नाहीसं झालेलं नसतं, जेवणाच्या आकड्यात मिसळलेलं असतं. एक चूल पंधरा जणांसाठी पेटते तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला येणारं लाकूड किती कमी होतं, हे कुठल्याही गृहिणीला सांगायला नको. पंधरा जणांनी पंधरा शेगड्या पेटवल्या असत्या तर अर्धा पगार वखारीतच गेला असता.

झोपण्याचंही तसंच. बैठकीची खोली नावाची एक व्यवस्था होती. एका गावची किंवा एका वाडीची माणसं मिळून खोली घ्यायची, भिंतीला ट्रंका, दोरीवर कपडे, कोपऱ्यात वळकट्या. दिवसपाळीचे उठले की रातपाळीचे त्याच जागेवर आडवे. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांचे धोबीतलावला, माझगावला गावोगावचे कुड होते. आम्हा कोकणी मुसलमानांच्या गावांच्या जमातीच्या खोल्या डोंगरी-माझगावच्या बाजूला होत्या. बोटीवरून उतरलेला खलाशी पुढची बोट मिळेपर्यंत तिथे टेकायचा. धर्म तीन, हिशेब एकच. भाडं, कंदिलाचं रॉकेल आणि झाडूवाल्याचे पैसे माणशी वाटून घ्यायचे. गावी मनिऑर्डर किती जाणार हे या वाटणीवर ठरायचं. शहरातला एक आणा वाचला की तिकडे कुणाच्या तरी मिठाची सोय व्हायची.

पाण्याचं बिल तेव्हा भाडेकरूच्या हाती पडतच नसे. मुंबईला विहारचं पाणी १८६० मध्ये आलं, तुळशीचं १८७९ मध्ये, तानसाचं १८९२ मध्ये. त्याआधी विहिरी, तलाव आणि पखाल घेऊन जिने चढणारे भिस्ती. नळ आले ते चाळीच्या सामाईक मोरीत. पाण्याचे पैसे भाड्यात धरलेले. पण किंमत मोजावी लागायचीच, ती वेळेत. नळावर पहाटेपासून रांग. कुटुंबातलं कुणीतरी रांगेत उभं राही आणि कुणीतरी चूल पेटवी. एकट्याला दोन्हीकडे स्वतःच उभं राहायचं. हा खर्च कुठल्याही अहवालात सापडणार नाही.

दिव्यांची गोष्ट थोडी उलट आहे. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले १८६५ मध्ये. वीज पुरवणारी आणि ट्राम चालवणारी कंपनी १९०५ मध्ये उभी राहिली, विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. हीच कंपनी ऑगस्ट १९४७ मध्ये महापालिकेकडे आली, तीच आपली बेस्ट. म्हणजे रस्ता आधी उजळला आणि रस्त्यावरून घरी परतणाऱ्याची खोली कितीतरी वर्षं चिमणी-कंदिलावर राहिली. वीज आल्यावरही मीटर बहुधा मालकाच्या नावाचा. १९९१ साली मी बी. ए. होऊन मुंबईत आलो, तेव्हा भायखळ्याला ज्या खोलीत राहिलो तिथे घरमालकाने आपला एक छोटा मीटर बसवला होता आणि युनिटचा दर त्याच्या मनाचा होता. इस्त्री लावली की त्याला खालच्या मजल्यावर कळायचं. रेशनकार्ड गावचं, त्यामुळे इथे ना स्वस्त रॉकेल, ना गॅसचा नंबर. स्टोव्हसाठी रॉकेल काळ्या बाजारातून. गरिबाला तीच वस्तू महाग पडते, असं अर्थशास्त्रात शिकलो नव्हतो. ते त्या डब्यापुढे उभं राहून कळलं.

स्वातंत्र्यानंतर हिशेबाची वही बदलली. १९५७ च्या जुलैत भारतीय श्रम परिषदेचं पंधरावं अधिवेशन झालं. तिथे किमान वेतन कसं काढावं याचं सूत्र ठरलं. कमावत्यामागे तीन खाणारी एककं धरायची, माणशी २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, औद्योगिक घरबांधणी योजनेच्या किमान जागेएवढं घरभाडं आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ मिळून एकूण वेतनाच्या वीस टक्के. हे सूत्र माणुसकीचं होतं यात शंका नाही. कमावत्याच्या मागे घर आहे हे त्यात गृहीत धरलं होतं, आणि ते योग्यच होतं. पण शिरासच्या अहवालातला तो सहाशे तीन जणांचा वेगळा रकाना इथे नाही. एकट्याचं घर दोन ठिकाणी असतं. गावी एक चूल जळते, शहरात दुसरी, आणि सूत्रात जागा एकाच चुलीला.

ही चूल सांभाळणाऱ्या बायांची कुणी दखल घेतली असेल तर ती गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी. त्यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते अशाच खानावळवाल्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. संप झाला की कामगाराचं बिल थकायचं आणि वाण्याची उधारी या बाईच्या डोक्यावर चढायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, तो रीतसर कधी संपलाच नाही. हजारो माणसं गावाला गेली. बैठकीच्या खोल्या ओस पडत गेल्या, खानावळी मिटल्या. एकट्याने शहरात स्वस्तात जगण्याची, शंभरएक वर्षांत घडत गेलेली रीत थोड्या वर्षांत विस्कटली.

तिची जागा घेतली भाड्याच्या फ्लॅटने. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली होती. जुन्या भाडेकरूला आधार मिळाला. नव्याने येणाऱ्याला मात्र पागडीशिवाय दार उघडेना. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि अकरा महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स' करार सगळ्यांच्या तोंडी झाला. हा करार लेखी असणं आणि त्याची नोंदणी होणं ही जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे, हे पुष्कळ भाडेकरूंना माहीत नसतं. (घर मिळेपर्यंत एकट्या माणसाला, त्यातून माझ्यासारखं नाव असलेल्याला, काय काय विचारलं जातं तो विषय निराळा. आज घर मिळालं आहे असं समजू.)

तर घर मिळालं. आता वरखर्चाचा अंदाज बांधायचा कसा? शिरासच्या माणसांनी केलं तेच करायचं. भागाकार सोडायचा आणि जिन्नसवार मांडायचं. एक हजार वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. पंचाहत्तर वॉटचा साधा पंखा दहा तास म्हणजे पाऊण युनिट. दोन हजार वॉटचा गिझर पाव तास म्हणजे अर्धा. लॅपटॉप-मोबाइल मिळून पाव-तीसेक शतांश. एलईडी दिवे जवळजवळ नगण्य. छोटा फ्रिज दिवसाला एकाच्या आगेमागे, आणि फ्रिज घरात माणसं किती आहेत हे विचारत नाही! ही बेरीज दिवसाला अडीच-पावणेतीन युनिटवर येते. महिन्याला ऐंशी धरा. त्यात एसी रात्री सहा तास लावला तर तासाला एक युनिट या ढोबळ मानाने आणखी एकशे ऐंशी. म्हणजे बाकीचं सगळं घर एकीकडे आणि एसी त्याच्या दुपटीहून जास्त.

युनिटला दराने गुणून थांबू नका. बिलात 'स्थिर आकार' नावाची ओळ असते. महिनाभर कुलूप असलं तरी ती असतेच. चौघांत ती विभागली जाते, एकट्याला पुरी भरावी लागते. उलट आपल्याकडे युनिटचे टप्पे आहेत. शंभरपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत त्याहून चढा, पुढे आणखी चढा. एकटा काटकसरीने राहिला तर खालच्या टप्प्यात राहतो. तीन मित्रांनी एक फ्लॅट घेतला तर मीटर एकच, म्हणून ते वरच्या टप्प्यात जातात. बैठकीच्या खोलीत जितकी माणसं जास्त तितका कंदील स्वस्त पडायचा. आताच्या बिलात तसं सरळ गणित नाही. वेगळं राहण्याचा दंड एका ओळीत आणि एकत्र राहण्याचा दुसऱ्या ओळीत, दोन्ही एकाच कागदावर. वीज वाचवावी यासाठी टप्पे केले हे मान्य. पण मीटरला माणसं मोजता येत नाहीत.

गॅसचं म्हणाल तर, चौदा किलो दोनशे ग्रॅमचा सिलिंडर दोन वेळचं साधं रांधणाऱ्या एकट्याला माझ्या अनुभवात अडीच-तीन महिने जातो. वारंवार घर बदलणाऱ्याने पाच किलोच्या छोट्या सिलिंडरची चौकशी करावी. किलोमागे तो महाग पडतो, पण अनामत आणि ओझं कमी. डबा लावलात तर गॅस कमी लागेल आणि जळण पुन्हा जेवणाच्या आकड्यात जाऊन बसेल, जुन्या खानावळीसारखं. पाणी आणि देखभाल सोसायटीच्या बिलात असतात. ते मालक भरणार की तुम्ही, हे करारात लिहून घ्या. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल मालकाकडून वेगळा आकार घेते. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाने तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच घेता येतो. मालकाने तो आकार तुमच्या माथी मारला तर निदान रक्कम ताडून पाहता येईल.

सरकारच्या मोजणीत सरपण-दिवाबत्ती अजूनही आहे. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक २०२० मध्ये २०१६ हे पायाभूत वर्ष धरून नव्याने मांडला गेला, त्यात तिचा भार साडेपाच टक्के आणि घराचा सतराच्या जवळ. १९२१ साली दोघे बरोबरीने होते. पण हा भार सगळ्यांच्या सरासरीचा. बाविसाव्या वर्षी एका खोलीचा फ्लॅट घेऊन राहणाऱ्या मुलीने तो आपल्या पगाराला लावून पाहू नये. तिने राहायला जायच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढावा, मागच्या भाडेकरूची थकबाकी नाही ना ते शेवटच्या बिलावर पाहावं, मे महिन्याचं जुनं बिल मालकाकडून मागून घ्यावं, आणि पहिले तीन महिने रोज रात्री खर्च लिहावा. आणेवारी गेली, वही अजून दुकानात मिळते.