म्हादईची नौका

आपल्या खानापूरच्या भीमगड रानात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होते. तिच्या पाण्यासाठी राज्ये भांडतात. पण तिच्या नावाची शिडाची नौका पृथ्वीला वळसा घालून आली. आराखडा डच, पैसा नौदलाचा, बांधणी दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांची. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले.

मुंबईत सागवानात बांधलेल्या ‘सुहेली’ने १९६९ साली पहिली ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत जिंकली, ती इंग्रज खलाशाच्या हाती. या शर्यतीच्या नव्या पर्वातही उपग्रहाच्या मदतीने वाट शोधायला बंदी. सूर्य-तारे पाहूनच मार्ग काढायचा. २०१८ मध्ये दांडेकरांनीच बांधलेल्या सुहेलीच्या प्रतिकृतीची डोलकाठी वादळात मोडली आणि अभिलाष टॉमी जबर जखमी झाले. २०२३ मध्ये ते दुसरे आले, तेव्हा नौका ब्रिटिश बनावटीची आणि पैसा अबू धाबीच्या कंपनीचा. तरी तो पराक्रम आपण आपलाच मानला.

कागदावरची हद्द एक आणि मनातले नाते दुसरे, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.