दाढीची निळसर सावली मेकअपने कशी झाकतात?

गुळगुळीत दाढी केली, वरून त्वचेच्या रंगाचे फाउंडेशन लावले, तरी ओठांच्या वर, हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने एक करडी सावली उरतेच. मराठीत तिला नेमका शब्द नाही. इंग्रजीतून आलेला ‘बिअर्ड शॅडो’ हाच शब्द मेकअप करणाऱ्यांच्या तोंडी असतो. स्त्रीभूमिका करणारे नट, ड्रॅग कलाकार, ट्रान्स स्त्रिया आणि तृतीयपंथी समाजातल्या अनेक जणींना ही सावली रोज भेटते. पीसीओएसमुळे हनुवटीवर राठ केस येणाऱ्या स्त्रियांचाही प्रश्न जवळपास हाच असतो.

पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण फाउंडेशनचा दुसरा थर देतात, मग तिसरा. चेहरा जड होतो, हसताना ओठांच्या कडेला भेगा पडतात आणि सावली मात्र राखेसारखी वर येते. ही सावली थर वाढवून झाकली जात नाही. आधी तिचा रंग मारावा लागतो.

सावली येते कुठून?

ब्लेड केस कापते ते त्वचेच्या पातळीवर. खालचा तुकडा आणि मूळ आतच राहते. वरची त्वचा थोडीफार पारदर्शक असल्याने आतला काळा केस दिसतो, पण काळा न दिसता निळसर दिसतो. जुन्या गोंदणाची काळी शाई हिरवी-निळी वाटते, त्यामागेही हेच कारण आहे: खोलवरच्या काळ्या गोष्टीवरून परतणाऱ्या प्रकाशात निळ्याचा वाटा जास्त असतो. गोऱ्या त्वचेवर ही छटा निळी, गव्हाळ त्वचेवर करडी-हिरवट आणि सावळ्या त्वचेवर राखाडी-काळपट भासते. निळ्यावर पिवळसर फाउंडेशन चढले की हिरवट झाक येते, हे चित्रकलेच्या तासाला रंग कालवलेल्या कुणालाही पटेल.

केस उपटला तर आतला तुकडाही जातो आणि सावली बरीच कमी होते. किन्नर समाजात दाढी न करता चिमट्याने केस उपटण्याची जुनी पद्धत आहे, तिचा एक फायदा हाच. वेळ मात्र खूप जातो, वेदना होतात आणि नव्याने उगवणारा केस कधी कधी त्वचेखालीच वळून पुळी धरते.

निळ्यावर उतारा नारिंगी

रंगचक्रात निळ्याच्या समोर नारिंगी येतो. हे दोन रंग एकमेकांवर आले की दोघांचाही भडकपणा मरतो आणि तपकिरीकडे झुकणारा मातकट रंग उरतो. तो त्वचेच्या रंगाला जवळचा असल्याने पातळ फाउंडेशनही त्याला सहज झाकते. त्यासाठीच्या क्रीमला कलर करेक्टर म्हणतात. गोऱ्या त्वचेला पीच किंवा फिकट नारिंगी, गव्हाळ त्वचेला भरीव नारिंगी आणि सावळ्या ते गडद त्वचेला विटकरी-लालसर करेक्टर लागतो. परदेशी व्हिडिओ पाहून पीच रंग आणला आणि तो सावळ्या चेहऱ्यावर राखेसारखा दिसला, ही चूक भारतात फार होते.

2015 मध्ये दीपिका मुत्याला या भारतीय वंशाच्या अमेरिकन तरुणीने डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर लाल लिपस्टिक लावून वर कन्सीलर लावल्याचा व्हिडिओ टाकला आणि तो जगभर पाहिला गेला. दाढीच्या सावलीलाही तीच युक्ती चालते. लिपस्टिक मॅट आणि नारिंगी किंवा विटकरी झाक असलेली हवी. गुलाबी आणि मरून रंगांत निळ्याचा अंश असतो, ते इथे उपयोगाचे नाहीत. एखाद्या कार्यक्रमापुरता हा स्वस्त उपाय ठीक. रोजच्या वापराला करेक्टरच बरा, कारण लिपस्टिकचा रंग छिद्रांत बसतो आणि निघायला त्रास देतो.

दाढीपासून सुरुवात

मेकअपचे निम्मे यश दाढीत आहे. कोमट पाण्याने किंवा आंघोळीनंतर केस मऊ झाले की नव्या ब्लेडने आधी केसांच्या दिशेने हात फिरवावा. गरज वाटली तर पुन्हा फेस लावून आडव्या दिशेने. उलट्या दिशेने खरवडल्यास दाढी जास्त गुळगुळीत होते खरी, पण त्वचा सोलवटते, आणि भारतीय त्वचेवर अशा प्रत्येक जखमेचा काळा डाग आठवडेच्या आठवडे राहू शकतो. म्हणजे सावली झाकता झाकता नवी सावली तयार होते. सलूनमध्ये फिरवतात ती तुरटी रक्त थांबवते, पण त्वचा ओढून कोरडी करते. अशा त्वचेवर फाउंडेशनचे पापुद्रे निघतात. दाढीनंतर थंड पाणी, साधे मॉइश्चरायझर आणि निदान 15-20 मिनिटे थांबणे इतके पुरे. ताज्या कापलेल्या जागी लगेच मेकअप चोळू नये.

थर कसे द्यायचे?

करेक्टर फक्त सावली असलेल्या भागावरच लावायचा: वरचा ओठ, हनुवटी, जबडा, गरज असल्यास गळ्याचा वरचा भाग. पूर्ण चेहऱ्यावर नाही. बोटाने किंवा दाट ब्रशने थोपटत लावावा. घासला तर तो एका जागेवरून उठून दुसरीकडे जातो. या टप्प्याला आरशात नारिंगी दाढी दिसते आणि नवख्या माणसाला हमखास धक्का बसतो. नारिंगी फार भडक दिसत असेल तर करेक्टर जास्त झाला आहे. निळेपणा मावळला की थांबावे.

मग त्यावर रंगहीन पावडर हलकेच दाबायची. ही पायरी बरेच जण गाळतात आणि तिथेच काम बिघडते, कारण पावडरीने न बांधलेला करेक्टर फाउंडेशनमध्ये मिसळतो आणि सगळा चेहरा भगवट होतो. पावडर बसल्यावर त्वचेच्या रंगाचे दाट फाउंडेशन किंवा कन्सीलर ओल्या, पिळलेल्या स्पंजने थोपटावे, मानेपर्यंत विरवत न्यावे. पुन्हा पावडर, शेवटी सेटिंग स्प्रे. रंगभूमीवर वापरतात त्या पॅनस्टिकमध्ये रंगद्रव्य जास्त असल्याने कमी थरात काम होते, मात्र दिवसाउजेडी जवळून ती जाड दिसते. ओठांवर किंवा डोळ्यांवर थोडा ठळक रंग दिला की बघणाऱ्याची नजर जबड्यावरून हटते, हाही जुन्या मेकअपवाल्यांचा आवडता डाव.

रंगमंच, कॅमेरा आणि लोकलचा डबा

महाराष्ट्राला स्त्रीवेश नवा नाही. नारायणराव राजहंस म्हणजेच बालगंधर्व (1888-1967) यांनी संगीत नाटकांतून साकारलेल्या नायिकांचे शालू-दागिने त्या काळच्या स्त्रियांनी अनुकरण करावे असे ठरले. कोकणातल्या दशावतारात आजही पुरुष कलाकार स्त्रीपात्रे रंगवतात आणि बहुतेक जण आपला चेहरा स्वतःच रंगवतात. पण तिथे प्रेक्षक काही हात लांब बसतो. अंतर बरेच काही झाकते. ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) मधल्या सचिन पिळगांवकर आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या स्त्रीवेशात तर हा पुरुष आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असणे हीच गंमत होती; सावली थोडी दिसली तरी विनोदाचे नुकसान नव्हते.

सकाळी लोकलने कामावर जाणाऱ्या ट्रान्स स्त्रीची गोष्ट वेगळी. समोरची व्यक्ती हातभर अंतरावर असते, उजेड खरा असतो आणि मेकअप संध्याकाळपर्यंत टिकवायचा असतो. चेहऱ्यावर रोखलेल्या नजरा, कधी टोमणे, कधी त्याहून वाईट, हे तिला रोजचे असू शकते. दाढीचा केस दिवसाला साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर वाढतो, त्यामुळे दुपारनंतर खुंट मेकअपमधून डोके काढतात. त्यावर पुन्हा फाउंडेशन लावले तर ते खुंटांना चिकटून गोळे होतात. टिपकागदाने घाम आणि तेल टिपून थोडी पावडर दाबणे एवढेच तेव्हा हाती असते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर सुरुवातीचे थर जितके पातळ, तितके ते जास्त टिकतात.

दाढी झाकणे ही ओळखीची अट नाही, आणि काही जणी ती न झाकताच वावरतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2014 च्या ‘नालसा’ निकालात लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्यालाच दिला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा ठरवली.

फोटोसाठी एक सावधगिरी: सिलिका असलेल्या पांढऱ्या पावडरी फ्लॅशमध्ये चमकतात आणि जबड्यावर पांढरे डाग उमटतात. घराबाहेर पडण्याआधी फ्लॅश लावून एक फोटो काढला की लगेच कळते.

कायमचा उपाय

स्त्री-संप्रेरकांच्या उपचाराने दाढी फार तर विरळ आणि संथ होते, जात नाही. लेझर केसातल्या काळ्या रंगावर काम करतो, म्हणून पांढऱ्या केसांवर त्याचा उपयोग नाही. तिथे एकेक मूळ जाळणारे इलेक्ट्रोलिसिस लागते. सावळ्या त्वचेसाठी 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर तुलनेने सुरक्षित समजला जातो, कारण त्याची ऊर्जा वरच्या त्वचेतल्या रंगात कमी अडकते. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात, आणि हे काम त्वचारोगतज्ज्ञाकडेच करावे. दोन बैठकांच्या मधल्या काळात केस उपटायचे नाहीत, कारण लेझरला पकडायला मूळ जागेवर हवे. दाढी केलेली चालते, म्हणजे तोवर करेक्टर हाताशी लागतोच.

रात्री हा सगळा रंग साबणाने घासून काढू नये. नाटकवाल्यांचे खोबरेल तेल अजूनही उत्तम: थोडे चोळायचे, मऊ कापडाने पुसायचे आणि मग फेसवॉश. पुळ्या येणाऱ्या चेहऱ्याला खोबरेल मानवत नाही. त्यांनी मायसेलर वॉटर वापरावे.