‘तो’ म्हणजे कोण?

वकिलाला सनद मिळाल्याशिवाय कोर्टात उभं राहता येत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. शंभर वर्षांपूर्वी एखादी बाई ही सनद मागायला गेली, तर तिच्या अर्जावर हरकत काय निघायची, ते आज आपण पाहू.

१९१६ साली कलकत्त्याच्या रेजिना गुहा यांनी वकिलीसाठी अर्ज केला. त्या एम.ए., बी.एल. होत्या. हायकोर्टात पाच न्यायमूर्तींपुढे सुनावणी झाली. प्रश्न शिक्षणाचा नव्हताच. हरकत एकच, की त्या बाई आहेत! १८७९ च्या कायद्यात वकिलासाठी ‘तो’ असा शब्द होता. आता, पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही येतात, असं दुसऱ्या एका कायद्यात लिहिलेलं होतं, पण संदर्भाला विसंगत नसेल तरच. न्यायमूर्तींनी ठरवलं, की या व्यवसायात बायका कधी नव्हत्याच, तेव्हा कायदा करणाऱ्यांच्या मनातही त्या नसणार. अर्ज नामंजूर झाला. म्हणजे आधी कुणी नव्हती म्हणून आता नाही, आणि आता नाही म्हणून पुढेही नाही.

१९२१ मध्ये पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांनाही नकारच मिळाला. त्याच वर्षी अलाहाबाद हायकोर्टाने मात्र कॉर्नेलिया सोराबजींना सनद दिली. या आपल्या नाशिकात जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या. ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ मध्येच दिली होती. सनदेसाठी पुढे एकोणतीस वर्षं गेली.

एक कोर्ट हो म्हणतं, दुसरं नाही म्हणतं. शेवटी १९२३ मध्ये कायदाच झाला, की केवळ स्त्री आहे म्हणून कुणाला वकिलीला अपात्र धरता येणार नाही. मग मिठन टाटा मुंबई हायकोर्टात वकिली करू लागल्या.

रेजिनाबाई हरल्या, पण नकाराचं कारण निकालपत्रात नोंदलं गेलं. त्यामुळे अडचण शिक्षणात नाही, कायद्याच्या भाषेत आहे, हे सगळ्यांना दिसलं. आपणही दुकानाच्या, खानावळीच्या परवान्यासाठी अर्ज करतो. त्यावर हरकत आली, तर ‘होणार नाही’ एवढ्यावर परत फिरायचं नाही. कोणत्या नियमाने होणार नाही, ते लेखी मागायचं आणि सुनावणीला जाताना तो कागद बरोबर न्यायचा.