मागाहून आलेला गारवा

जुन्या गाडीत एसी बसवायचा म्हटलं की जाणकार नाक मुरडतात. गाडी मूळ रूपातच राहावी, हा त्यांचा आग्रह. त्यामागचं प्रेम मला कळतं. पण मोटारीतल्या एसीचं कूळ शोधत गेलं, की तो मोटारीत आला तोच मागाहून बसवलेली वस्तू म्हणून, हे ध्यानात येतं.

नोव्हेंबर १९३९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात पॅकार्डने एसीची मोटार मांडली. या सोयीचे २७४ डॉलर वेगळे. गाडी डेट्रॉइटला तयार व्हायची आणि एसी बसवून घ्यायला क्लीव्हलंडच्या बिशप अँड बॅबकॉक कंपनीकडे जायची. कूलिंग कॉइल मागच्या सीटच्या पाठीशी, डिकीची जागा अडवून. कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. इंजिन फिरलं की तोही फिरणार. थंडी वाजली तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, बॉनेट उघडून बेल्ट उतरवा! १९४१ नंतर ही सोय बंद पडली.

युद्धानंतर, १९५३ साली, क्रायसलर आणि जनरल मोटर्सने एसी पुन्हा आणला, तरी यंत्रणेचा मोठा भाग डिकीतच राहिला. १९५४ च्या नॅश अ‍ॅम्बॅसेडरने तो सगळा पुढे, बॉनेटखाली आणि डॅशबोर्डमागे आणला. आजची रचना तिथून सुरू होते.

पण माझ्या मते या कुळाचं खरं घर टेक्सास. तिथल्या उन्हाळ्यात कारखान्याचा एसी परवडण्याची वाट कोण पाहणार? डॅशबोर्डखाली टांगायचे खोके तिथल्या कंपन्या बनवू लागल्या आणि साध्या गाड्याही गार झाल्या. मात्र गुडघ्याशी अडणारं ते खोकं जुन्या गाडीचं रूप बिघडवायचं. १९७६ साली सॅन अँटोनियोत सुरू झालेल्या व्हिंटेज एअर कंपनीने आटोपशीर संच डॅशबोर्डमागे दडवले. जुन्या दोन सिलिंडरच्या धडधडत्या कॉम्प्रेसरच्या जागी सँडेनसारखे लहान, शांत चालणारे कॉम्प्रेसर आले. पुढे ओझोनचा थर वाचवण्यासाठी एसीतला आर-१२ गॅस मागे पडला आणि १९९४ पर्यंत अमेरिकेतल्या नव्या गाड्यांत आर-१३४ए आला. त्याला कॉम्प्रेसरमधलं जुनं खनिज तेल चालत नाही. म्हणून जुन्या यंत्रणेत नुसता नवा गॅस भरून भागत नाही.

खरी परीक्षा गाडीची असते. कंडेन्सर रेडिएटरपुढे बसतो, म्हणजे त्याची उष्णता आधीच तापणाऱ्या इंजिनाच्या वाट्याला येते. सहा व्होल्टच्या डायनामोला सिग्नलवर पंख्याचा भार पेलत नाही; तिथे बारा व्होल्ट आणि अल्टरनेटर हवा. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद जेमतेम चाळीस हॉर्सपॉवर. कॉम्प्रेसर त्यातलाच वाटा घेतो, आणि चढणीवर ते लगेच जाणवतं.

म्हणून एसी जरूर बसवा, गाडी वापरात राहील. पण आधी रेडिएटर आणि वायरिंग नीट करून घ्या. दारांचे रबर बदला, पत्र्याखाली उष्णतारोधक अस्तर घाला. डॅशबोर्डला भोक पाडू देऊ नका आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग नाव लिहून जपून ठेवा. पुढच्या मालकाला गाडी पुन्हा पूर्वीसारखी करता आली पाहिजे.