गंजलेले जोड सोडवणे (जुनी मोटारगाडी)

जुन्या मोटारगाडीतील नट, बोल्ट, स्टड, निपल किंवा नळीचे जोड गंजून जागीच जाम झाले असता, आटे न मारता आणि बोल्ट न तोडता ते मोकळे करण्याचे काम. या कामात हाताच्या जोरापेक्षा कामाचा क्रम आणि दिलेला वेळ यांना अधिक मोल आहे. तुटलेल्या स्टडाचे नुकसान अनेकदा मूळ दुरुस्तीपेक्षा मोठे ठरते, आणि हे नुकसान जवळजवळ नेहमी टाळता येण्याजोगे असते.

लोखंडावर पाणी व प्राणवायू यांची क्रिया होऊन गंज तयार होतो. तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधली फट केसाएवढी. तिथे फुगलेला गंज पाचरीसारखा ठासून बसतो. ॲल्युमिनियमच्या भागात पोलादी बोल्ट असेल तर दोन धातूंमध्ये ओलाव्यातून विद्युत-रासायनिक क्रिया होते, ॲल्युमिनियम झिजते आणि पांढरी भुकटी आट्यांत घट्ट भरते. थर्मोस्टॅटच्या झाकणाचे बोल्ट म्हणूनच इतके हट्टी असतात.

गंज कशाने चढतो हे प्रदेशानुसार बदलते. उदाहरणार्थ, अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. समुद्र दूर, हवा कोरडी. त्यामुळे इथल्या गाड्या कोकणातल्या गाड्यांसारख्या पत्र्यातून सडत नाहीत. अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीचा पट्टा अपवाद. तिथे वर्षाला काही हजार मिमी पाऊस पडतो. इतरत्र गंजाची कारणे वेगळी आहेत. काळ्या जमिनीचा चिखल चॅसीच्या कोपऱ्यांत, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) यू-बोल्टांवर आणि शॅकलवर थापला जातो आणि पाऊस उघडल्यावरही दिवसेंदिवस ओल धरून ठेवतो. जीपमधून खताची पोती वाहिली जातात. पोटॅशमधला क्लोराइड लोखंडाला आणि खतातला अमोनिया पितळी जोडांना बाधतो. प्रवरा, मुळा, गोदावरीच्या कालव्यांखालच्या क्षारपड पट्ट्यात विहिरीचे पाणी खारवट असते. ते रेडिएटरमध्ये भरले किंवा त्याने गाडी धुतली, तर परिणाम आतून-बाहेरून दिसतो.

जिल्ह्यात एमएच-१६ आणि एमएच-१७ या क्रमांकांच्या खासगी गाड्यांची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला येते. तपासणीच्या आधी ब्रेक आणि सायलेन्सर उघडावे लागतात, आणि पुष्कळदा कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर पहिल्यांदाच त्या जोडांना पाना लागतो.

पाना लावण्यापूर्वी आट्याची जात ओळखावी. जुन्या ब्रिटिश यंत्रांत ५५ अंशांच्या कोनाचे व्हिटवर्थ पद्धतीचे आटे येतात, विलीज आराखड्याच्या जीपमध्ये ६० अंशांचे इंची, मारुती ८०० मध्ये मेट्रिक. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात (स्थापना १९९४) रोल्स-रॉइस चिलखती गाडीपासून पुढच्या काळातील देशोदेशीच्या रणगाड्यांपर्यंत वाहने एकत्र पाहायला मिळतात. अशा संग्रहाची निगा राखताना एकच पानासंच पुरणार नाही, हे उघड आहे. जवळपासच्या मापाचा पाना लावला की डोक्याचे कोन मारले जातात आणि सोपे काम अवघड होते. जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, हे माहीत नसलेला माणूस नट सोडवतो आहे असे समजून तो अधिकच आवळत राहतो.

प्रत्यक्ष काम स्वच्छतेपासून सुरू होते. तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे चकचकीत होईपर्यंत घासावेत; गंजाने भरलेल्या आट्यांवरून नट परत येऊ शकत नाही. मग आत शिरणारे पातळ तेल सोडावे. सर्वत्र मिळणारे डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये अमेरिकेत पाणी हटवण्यासाठी आणि गंज रोखण्यासाठी बनवले गेले. जाम आट्यांसाठी खास बनवलेली तेले त्याहून सरस ठरतात. खेड्यात रॉकेल किंवा डिझेलमध्ये थोडे ऑइल मिसळून वापरतात. तेल कोणतेही असो, त्याला रात्र द्यावी आणि मधून मधून पुन्हा सोडावे. पाच मिनिटांत पाना लावणाऱ्याने तेल वाया घालवले असे समजावे.

दुसऱ्या दिवशी बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे सरळ, नेमके ठोके द्यावेत. त्याने गंजाची पकड तडकते आणि तेलाला वाट मिळते. सहाकोनी सॉकेट किंवा रिंग पाना घ्यावा. बाराकोनी पाना झिजलेल्या डोक्यावरून निसटतो. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने दाब द्यावा, मग सोडवण्याच्या. हलला की पाव फेरा सोडवून अर्धा पाव मागे न्यावा, तेल द्यावे, पुन्हा पुढे. पान्याला पाइप जोडण्याची सवय घातक आहे. ६ मिमीचा बोल्ट आवळायला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, तर पाव मीटर लांबीच्या पान्यावर २० किलो वजनाइतका जोर दिला तरी ५० न्यूटन-मीटर भरतात. असा बोल्ट सुटण्याआधी तुटणार.

एवढ्याने भागले नाही, तर उष्णता हा सर्वांत भरवशाचा उपाय. गॅसच्या ज्वाळेने शक्यतो फक्त नट तापवावा. तो फुगतो, आतला बोल्ट तुलनेने थंड राहतो आणि गंजाचा थर फुटतो. थोडे निवल्यावर मेणबत्तीचे मेण टेकवले, तर ते वितळून आट्यांत ओढले जाते. ज्वाळा पेट्रोल टाकी, सीएनजी नळी, ब्रेकचे होज आणि शॉक ॲब्सॉर्बर यांच्यापासून दूर ठेवावी. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर फवारलेला भाग तापवू नये, कारण त्यातून फॉस्जीन हा जीवघेणा वायू निघू शकतो. गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेत.

ब्रेकच्या ब्लीडर निपलच्या पोकळीत बरोबर बसणारी ड्रिलची दांडी घालून मगच पाना लावावा, म्हणजे निपल चेपून तुटत नाही. ब्रेक नळीचा नट फिरताना नळीही पिळत असेल तर थांबावे. ॲल्युमिनियमच्या हेडमधला स्पार्क प्लग इंजिन थंड असतानाच काढावा.

बोल्ट तुटलाच आणि टोक वर उरले असेल, तर त्यावर नवा नट ठेवून वेल्डिंग करावे. वेल्डिंगची उष्णता आणि पान्याला मिळालेली नवी पकड दोन्ही उपयोगी पडतात. पृष्ठभागाला समतल तुटला असेल, तर ठीक मध्यावर भोक पाडावे लागते. त्या भोकात घालून तुटका बोल्ट उलटा फिरवून काढण्याचे इझी-आउट हे हत्यार तिथे मोडले तर कठीण पोलादाचा तुकडा आत अडकतो आणि काम लेथवाल्याकडे जाते. नवख्याने या हत्याराच्या वाट्याला जाऊ नये.

सुटे करता येणारे लोखंडी भाग मळीत भिजवण्याचा एक संथ उपाय आहे. साखर कारखान्यांमुळे मळी अहिल्यानगर जिल्ह्याला परिचित आहे. तिच्यावर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण असल्याने ती रीतसर मार्गानेच घ्यावी. एक भाग मळी आणि नऊ-दहा भाग पाणी यांत भाग एक ते तीन आठवडे ठेवला, की गंज विरघळतो आणि चांगले लोखंड शाबूत राहते. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचे भाग त्यात घालू नयेत.

परत जोडताना आटे टॅप आणि डायने साफ करून तांबेयुक्त किंवा ग्रॅफाइट ग्रीस लावावे. ग्रीस लावलेला बोल्ट कोरड्यापेक्षा कमी जोरात तितकाच आवळला जातो, म्हणून टॉर्क कमी ठेवावा. चाकांचे नट मात्र, उत्पादकाने वेगळे सांगितले नसेल तर, कोरडेच बसवावेत आणि गाडी ५०-१०० किमी चालल्यावर पुन्हा तपासावेत.