मंगळवारच्या रिकाम्या खोल्या

गावात किती लोक राहतात हे सांगायला जनगणना असते. गावात किती लोक येऊन गेले, हे दर महिन्याला मोजून जाहीर करणारं शहर म्हणजे अमेरिकेतलं लास वेगास. तिथल्या पर्यटन मंडळाच्या तक्त्यात पाहुण्यांची संख्या असते, हॉटेलांच्या एकूण खोल्या असतात, त्यांतल्या आठवड्याच्या मधल्या दिवसांत किती भरल्या आणि शनिवार-रविवारी किती भरल्या हे वेगवेगळं दिलेलं असतं. अधिवेशनांना किती माणसं आली, कॅलिफोर्नियाच्या हद्दीवरून रोज किती गाड्या आल्या, तेही असतं. शाळेचा हजेरीपट वर्षानुवर्षं भरल्यामुळे असल्या रकान्यांची मला भीती वाटत नाही, उलट त्यात रमायला होतं.

आकडे असे आहेत. १९७० साली सुमारे ६८ लाख लोक आले. १९८० साली १ कोटी १९ लाख, १९९० साली २ कोटी ९ लाख, २००० साली ३ कोटी ५८ लाख. २०१६ साली ४ कोटी २९ लाखांचा उच्चांक झाला. ज्या जिल्ह्यात हे शहर आहे त्याची वस्ती तेवीस लाखांच्या आसपास. म्हणजे घरच्या एका माणसामागे वर्षाला अठरा पाहुणे. (तीनदा आलेला माणूस इथे तीन पाहुणे म्हणून मोजला जातो, हे लक्षात ठेवून हा हिशेब वाचावा.)

जुगाराबद्दल माझं मत काय असणार हे या पानाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. पण या तक्त्यांतून मला जी गोष्ट दिसली ती जुगाराची नाही. ती रिकाम्या खोलीच्या धास्तीची आहे, आणि ही धास्ती कुणी कशी ओळखली याची आहे.

लास वेगास या स्पॅनिश शब्दांचा अर्थ कुरणं. वाळवंटात झरे होते, झऱ्यांकाठी गवत होतं, पाय्यूट आदिवासींचा तिथे वावर होता. पुढे उपसा इतका झाला की १९६२च्या सुमारास ते झरे वर येईनासे झाले. नाव राहिलं, कुरणं गेली. शहर म्हणून त्याचा जन्म १५ मे १९०५चा. रेल्वे कंपनीने त्या दिवशी भूखंडांचा लिलाव पुकारला. १९३१ साली नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केला आणि घटस्फोटासाठी राज्यात राहण्याची अट सहा आठवड्यांवर आणली. त्याच वर्षी जवळच कोलोरॅडो नदीवर मोठ्या धरणाचं काम सुरू झालं. धरणाच्या कामगारांसाठी वसवलेल्या बोल्डर सिटीत दारू आणि जुगाराला मनाई होती, त्यामुळे पगार झाला की मजूर लास वेगासला येत. शहराचे पहिले नियमित पाहुणे ते.

सिनेमांनी आपल्याला सांगून ठेवलंय की बग्जी सीगल नावाच्या गुंडाने वाळवंटात फ्लमिंगो हॉटेल बांधलं आणि त्यातून शहर उभं राहिलं. फ्लमिंगो उघडलं डिसेंबर १९४६मध्ये. त्याच हमरस्त्यावर एल रँचो वेगास हे हॉटेल १९४१पासूनच सुरू होतं. सीगलचा सहा महिन्यांत खून झाला, म्हणून त्याची गोष्ट रंगली, एवढंच.

या रस्त्याला पुढे स्ट्रिप म्हणू लागले. पन्नासच्या दशकात तिथे एकामागून एक हॉटेलं उठली. १९५१पासून शंभर-एक किलोमीटरवर अणुस्फोटांच्या चाचण्या सुरू झाल्या, तर त्याचाही तमाशा करून विकला गेला. पहाटेचा स्फोट पाहायला लोक हॉटेलांच्या गच्चीवर जमत. पण गिऱ्हाईक मुख्यतः दक्षिण कॅलिफोर्नियाचं. शुक्रवारी संध्याकाळी गाडीत बसायचं, रविवारी परत. सोमवार ते गुरुवार खोल्या रिकाम्या. आपल्याकडे उरुसाच्या किंवा जत्रेच्या गावात हेच होतं, चार दिवस पाय ठेवायला जागा नसते आणि मग पाल उठले की गाव पुन्हा आपल्या झोपेत जातं. पण पाल गुंडाळता येतो, हॉटेल गुंडाळता येत नाही. कर्जाचं व्याज मंगळवारीही चढतं.

यावर शहराने जे केलं ते मला त्याच्या इतिहासातलं सर्वांत हुशारीचं काम वाटतं. १९५५ साली राज्याच्या कायद्याने एक मंडळ नेमलं गेलं, खोलीच्या भाड्यावर कर बसवून त्या पैशातून सभागृह बांधायचं ठरलं, आणि १९५९ साली रुपेरी घुमटाचं अधिवेशन केंद्र उघडलं. अधिवेशनं म्हणजे डॉक्टरांची, विमा एजंटांची, यंत्रं विकणाऱ्यांची. ही माणसं शनिवारी येत नाहीत, मंगळवारी येतात, कारण ती कामावर असतात आणि भाडं कंपनी भरते. अतिथी या शब्दाची फोड आपण वर्गात शिकवतो, ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. लास वेगासने तिथी असलेले पाहुणे शोधून काढले, दोन-दोन वर्षं आधी तारीख ठरवून येणारे. उर्दूत मेहमान म्हणा की मराठीत पाहुणा, त्या शब्दांत ही सोय आधी नव्हती.

आता या तक्त्यांत नसलेल्या माणसांकडे येते.

दुसऱ्या महायुद्धात लास वेगासजवळ मॅग्नेशियमचा मोठा कारखाना निघाला. त्यात कामाला लुइझियानातल्या टलुला आणि आर्कान्सातल्या फोर्डाइस अशा कापसाच्या गावांतून काळी कुटुंबं आली. युद्ध संपलं आणि ती हॉटेलांत लागली. पुढच्या दाराने नव्हे. चादरी बदलणं, भांडी, झाडलोट, सामान उचलणं. राहायला रेल्वेरुळांपलीकडची वेस्टसाइड वस्ती. तिथले कित्येक रस्ते मातीचेच. गायक-नटांचीही तीच गत. सॅमी डेव्हिस ज्युनियर आणि नॅट किंग कोल स्ट्रिपवर गात, खुर्च्या भरत, आणि कार्यक्रम संपल्यावर झोपायला वेस्टसाइडला जात, कारण ज्या हॉटेलात टाळ्या मिळाल्या तिथे खोली मिळत नसे. ज्या शहराचा सगळा धंदा पाहुणचाराचा, त्याने पाहुणा कुणाला म्हणायचं हे रंगावरून ठरवलं होतं. १९५५च्या मे महिन्यात वेस्टसाइडजवळ मुलाँ रूज नावाचं हॉटेल उघडलं, काळ्या-गोऱ्या दोघांना खुलं असलेलं शहरातलं पहिलं मोठं हॉटेल. गर्दी चांगली होत होती, तरी वर्ष संपायच्या आत ते बंद पडलं.

१९६०च्या मार्चमध्ये डॉ. जेम्स मॅकमिलन यांनी शहराच्या महापौरांना पत्र धाडलं. ते दातांचे डॉक्टर, आणि काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थानिक शाखेचे अध्यक्ष. हॉटेलांतला भेदभाव थांबला नाही तर २६ मार्चला स्ट्रिपवर मोर्चा निघेल, असा इशारा होता. मोर्चात किती लोक आले असते कोण जाणे. पण मालकांनी हिशेब केला तो असा असणार, की वर्तमानपत्रांत फोटो येतील, पाहुणे बिचकतील, नवीन सभागृहाकडे अधिवेशनं फिरकणार नाहीत. २६ तारखेला बंद पडलेल्या त्याच मुलाँ रूज हॉटेलात बैठक झाली आणि स्ट्रिपवरच्या बहुतेक हॉटेलांनी काळ्या गिऱ्हाइकांना दारं उघडायचं कबूल केलं. संपूर्ण देशासाठी तसा कायदा झाला तो चार वर्षांनी, १९६४ मध्ये. नीतीने जे इतकी वर्षं झालं नव्हतं ते रिकाम्या खोलीच्या भीतीने काही दिवसांत झालं. मला हे वाचून आनंद झाला आणि थोडं खट्टूही वाटलं.

दारं उघडली ती पाहुण्यांना. नोकऱ्यांत भेद चालूच राहिला. रूबी डंकन या टलुलाहून आलेल्या बाई, सात लेकरांची आई. त्यांनी हॉटेलांत खोल्या साफ केल्या, मग एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करताना घसरून त्या जायबंदी झाल्या आणि सरकारी मदतीवर आल्या. १९७१च्या सुरुवातीला राज्याने हजारो कुटुंबांची ही मदत बंद केली किंवा कापली. ६ मार्चला डंकन आणि त्यांच्यासारख्या आया मुलाबाळांसह स्ट्रिपवरून चालत निघाल्या आणि सीझर्स पॅलेस या सर्वांत दिमाखदार हॉटेलात शिरल्या. जुगाराची टेबलं थांबली. शिरस्ता असता तर बायका सरकारी कचेरीपुढे बसल्या असत्या. पण खोल्या झाडणाऱ्या बाईला कचेरीपेक्षा हॉटेल जास्त ठाऊक असतं, आणि हे शहर कुठे दुखतं हेही. दोनच आठवड्यांनी संघीय न्यायाधीशांनी मदत पूर्ववत करण्याचा आदेश दिला.

यानंतरचा भाग पैशाचा आहे, तो भराभर सांगते. १९६९च्या कायद्याने शेअर बाजारातल्या कंपन्यांना जुगारघरं चालवणं सोपं झालं. १९८९ साली ३,०००हून अधिक खोल्यांचं मिराज उघडलं आणि त्यामागून आणखी अवाढव्य हॉटेलं आली. १९७० साली शहरात पंचवीस हजार खोल्या होत्या, आज दीड लाख आहेत. नव्वदच्या दशकात संगणकाच्या कॉमडेक्स प्रदर्शनाला दोन लाखांवर माणसं येत. ते बंद पडलं, पण दर जानेवारीचं इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन आजही भरतं. त्या दशकाच्या अखेरीस एक बदल झाला ज्याकडे आपल्याकडे फारसं कुणी लक्ष दिलेलं नाही. स्ट्रिपवरच्या मोठ्या हॉटेलांची जुगाराची मिळकत निम्म्याच्या खाली गेली. खोली, जेवण, खेळ-तमाशे, दुकानं यांतून जास्त पैसा येऊ लागला. म्हणजे फासे टाकणाऱ्या हातापेक्षा अंथरूण घालणाऱ्या हाताची किंमत वाढली.

ती किंमत आपोआप हातात पडली नाही. स्वयंपाकी, वाढपी आणि खोल्या साफ करणाऱ्या बायकांची तिथे जुनी युनियन आहे, लोकल २२६. फ्रंटियर हॉटेलच्या सुमारे ५५० कामगारांनी सप्टेंबर १९९१मध्ये संप केला तो १९९८च्या सुरुवातीपर्यंत, सहा वर्षांहून जास्त चालला, आणि एकही संपकरी फुटून कामावर गेला नाही. त्या वेळी युनियनच्या अध्यक्ष हॅटी कँटी होत्या, अलाबामाहून आलेल्या, स्वतः खोल्या साफ केलेल्या. आपल्याकडचा १९८२चा गिरणी संप ज्यांच्या घरात पोचला होता त्यांना हा आकडा वाचून काय वाटेल, मी सांगू शकत नाही.

पाहुण्यांवर जगणाऱ्या शहराचा पाया किती भुसभुशीत असतो ते दोनदा दिसलं. मंदीच्या काळात, २००९च्या फेब्रुवारीत अध्यक्ष ओबामा म्हणाले की करदात्यांच्या पैशावर तगलेल्या कंपन्यांनी लास वेगासच्या सहली करू नयेत. कंपन्या आधीच काटकसरीत होत्या, आता त्यांना लाजही वाटू लागली. अधिवेशनांना येणारे २००८ मध्ये ५९ लाख होते, ते वर्षभरात ४५ लाखांवर आले. एकूण पाहुणे मात्र त्या मानाने फार कमी झाले नाहीत, ३ कोटी ६४ लाख तरीही आले. फक्त खोल्या स्वस्त झाल्या. मंगळवारचा पाहुणा गेला की शनिवारचा भावही कोसळतो. आणि मग २०२०. मार्चच्या मध्यापासून ४ जूनपर्यंत जुगारघरं बंद. युद्धात, अणुस्फोटात न विझलेले दिवे विझले. वर्षाचे पाहुणे १ कोटी ९० लाख, आधल्या वर्षीच्या निम्म्याहून कमी. एप्रिलमध्ये नेवाडातली बेकारी तीस टक्क्यांच्या घरात गेली.

महामारीत हॉटेलांनी रोजची साफसफाई थांबवली होती. कारण आरोग्याचं दिलं, पण साथ ओसरल्यावरही अनेक ठिकाणी पाहुण्याने मागितली तरच सफाई, असा प्रकार सुरू राहिला. कामाचे तास घटले, आणि तीन-चार दिवस न झाडलेली खोली एका पाळीत साफ करायची म्हणजे पाठ मोडते. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये शहराने स्ट्रिपवर फॉर्म्युला वन शर्यत ठेवली, सारं जग बघणार होतं. युनियनने संपाची मुदत दिली १० नोव्हेंबर, शर्यतीच्या आठवडाभर आधीची. मुदत संपेपर्यंत तीन सर्वांत मोठ्या कंपन्यांनी एकापाठोपाठ करार मान्य केला, पाच वर्षांत सुमारे ३२ टक्के वाढ आणि खोल्यांची रोज सफाई. मॅकमिलन यांच्या पत्रानंतर त्रेसष्ट वर्षांनी तीच नस दाबली गेली.

२०२४ साली पाहुणे ४ कोटी १७ लाखांपर्यंत चढले होते. २०२५ मध्ये ते सात टक्क्यांहून अधिक घसरले. खोलीच्या भाड्यावर वेगळा आकार, गाडी लावायचे पैसे, पाण्याच्या बाटलीचा भाव, याला लोक कंटाळलेत असं म्हणतात, आणि अमेरिकेशी बिनसल्यामुळे कॅनडाचे लोक येईनासे झालेत, हे तर विमानांच्या आकड्यांत दिसतंच. अधिवेशनांचे पाहुणे मात्र जवळपास टिकले. आठवड्याच्या मधल्या दिवसांसाठी १९५९ साली केलेला उपाय अजून चालतो आहे, सुट्टीला येणारं कुटुंबच गळालंय. अशा वेळी हॉटेलं कुणाला कामावरून काढत नाहीत, निदान लगेच नाही. ज्यांना सकाळी फोन आला तरच कामावर यायचं असतं, अशा बायकांचे आठवड्याचे पाच दिवस तीन होतात, मग दोन.